हसवता हसवता खऱ्या जगावर बोट ठेवणारी फँटसी मालिका सुचवाल का?

टेरी प्रॅचेट यांची 'डिस्कवर्ल्ड' वाचा. फक्त पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नका.

१९८३ ते २०१५ या काळात मालिकेच्या ४१ कादंबऱ्या आल्या. जग म्हणजे एक सपाट तबकडी, ती चार हत्तींच्या पाठीवर आणि हत्ती एका अजस्र कासवावर. (कूर्म आणि दिग्गज ऐकत वाढलेल्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.) जादूगार, ड्रॅगन सगळे आहेत, पण लेखकाचा जीव अडकलाय तो पोलीस, टपाल, बँक, धर्मपीठ माणसं चालवतात कशी, यात. आंख-मॉरपॉर्क शहरात चोरांचा अधिकृत संघ आहे: चोऱ्यांचा कोटा ठरलेला, लुटल्यावर रीतसर पावती मिळते आणि विनापरवाना चोरांचा बंदोबस्त संघच करतो.

माझं आग्रहाचं सांगणं, 'स्मॉल गॉड्स' (१९९२) आधी घ्या. कथा स्वतंत्र आहे, मागचं काही वाचलेलं लागत नाही. ओम्निया देशात ओम देवाचं प्रचंड धर्मपीठ आहे, छळखाने आहेत, सैन्य आहे. देव पृथ्वीवर अवतरतो तो एका छोट्या कासवाच्या रूपात, कारण या जगात देवाची ताकद भक्तांच्या विश्वासावर ठरते, आणि लोक तर फक्त धर्मपीठाला घाबरतात आणि सवयीने प्रार्थना म्हणतात. देवावर मनापासून विश्वास ठेवणारा उरलाय एकच, ब्रुथा नावाचा, धर्मपीठातला एक निरक्षर शिकाऊ साधक. त्यात धर्मपीठाची शिकवण अशी की जग गोल आहे, आणि ते सपाट आहे असं खरं बोलणाऱ्यांना पाखंडी ठरवून मारलं जातं. श्रद्धा आणि तिच्या नावाने चालणारी सत्ता यांच्यातला फरक इतका स्वच्छ दाखवणारी कादंबरी मी दुसरी वाचलेली नाही. आणि श्रद्धाळू ब्रुथाची त्यात कुठेही टिंगल नाही, हे मला फार मोठं वाटतं.

नंतर पोलिसांची मालिका: 'गार्ड्स! गार्ड्स!', मग 'मेन ॲट आर्म्स'. दुसरीत कॅप्टन व्हाइम्सचा बुटांचा हिशेब येतो. चांगले बूट ५० डॉलरचे, वर्षानुवर्षं टिकणारे. त्याला परवडतात १० डॉलरचे, जे एक-दोन हंगामांत फाटतात. म्हणजे दहा वर्षांत गरीब माणूस बुटांवर १०० डॉलर घालवतो, आणि तरी त्याचे पाय ओलेच. गरिबी महाग का पडते, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी मांडलं असेल.

पहिली दोन पुस्तकं मुख्यतः त्या काळच्या तलवारी-जादूच्या कथांचं विडंबन आहेत. त्या कथा वाचलेल्या नसतील तर निम्मा विनोद हातातून जातो. ती मागाहून वाचा.

इंग्रजी ब्रिटिश वळणाचं आहे, श्लेष पुष्कळ. काही निसटतील, अडून बसू नका. तळटीपा मात्र एकही सोडू नका. बँक आणि चलनात रस असेल तर 'गोइंग पोस्टल' आणि लगेच 'मेकिंग मनी', याच क्रमाने, कारण नायक तोच आहे.