शुक्रवारचं गाणं सांगलीत किती वाजता येतं?

नव्या गाण्यांबद्दल, अल्बमबद्दल काय विचारायचं असेल तर पाठवा असं मागच्या वेळी म्हटलं होतं, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून एवढे प्रश्न आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. त्यातले पाच घेतलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

मी विश्रामबागला राहते, सेकंड इयरला आहे. अल्बम शुक्रवारी येणार म्हणून रात्री बारापर्यंत जागते तर गाणी येतच नाहीत, आणि सकाळी मी लेक्चरमध्ये असताना सगळ्यांच्या स्टोऱ्या पडायला लागतात. शिवाय रोज नवीन बातमी, अल्बम येतोय, ग्रुप फुटला, टूर इंडियात येणार. ह्यातलं खरं काय हे कसं ओळखायचं? (सांगली)

अगं, शुक्रवार बरोबर आहे, पण कुठला शुक्रवार ते बघायला लागतं. 2015 पर्यंत इंग्लंडात सोमवारी, अमेरिकेत मंगळवारी, जर्मनी-ऑस्ट्रेलियात शुक्रवारी अशी प्रत्येकाची वेगळी तऱ्हा होती, म्हणजे एका देशात अल्बम आला की दुसऱ्या देशातल्या फॅनला तो चार-चार दिवस मिळायचा नाही आणि तोपर्यंत चोरटी कॉपी सगळीकडं फिरून झालेली असायची. म्हणून रेकॉर्ड कंपन्यांच्या आयएफपीआय ह्या जागतिक संघटनेनं 10 जुलै 2015 पासून सगळ्यांसाठी शुक्रवार ठरवला. आता काही अल्बम प्रत्येक देशात तिथल्या रात्री बाराला येतात, त्यासाठी जागलीस तर ठीक. पण अमेरिकेतले बरेच मोठे कलाकार आता जगभर एकाच क्षणी सोडतात, आणि तो क्षण म्हणजे न्यूयॉर्कच्या घड्याळातले रात्रीचे बारा. आपल्याकडं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. आणि हिवाळ्यात साडेदहा, कारण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडं घड्याळं तासभर मागं घेतात ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढं करतात. तुझं लेक्चर चालू असताना स्टोऱ्या पडतात त्या ह्याच्यामुळं.

कोरियन गाण्यांचं आणखी वेगळं. तिथली नेहमीची वेळ संध्याकाळी सहा, म्हणजे आपले दुपारचे अडीच. पण अमेरिकेच्या चार्टवर, म्हणजे गाण्यांच्या क्रमवारीवर, नजर असली की कोरियात दुपारी एकला सोडतात, कारण तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात रात्रीचे बारा होतात आणि तिथल्या चार्टचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार असा मोजतात, म्हणजे पूर्ण सात दिवस पदरात पडतात. बीटीएस ह्या कोरियन ग्रुपचं पहिलं पूर्ण इंग्रजी गाणं 21 ऑगस्ट 2020 ला असंच आलं, शुक्रवारी, आपल्याकडं सकाळी साडेनऊला, आणि पुढं ते अमेरिकेच्या हॉट हंड्रेड ह्या चार्टवर पहिलं आलं. तेव्हा घोषणेत वेळेच्या पुढं केएसटी (कोरियाची वेळ) लिहिलंय का ईटी (न्यूयॉर्कची वेळ) तेवढं बघ आणि रात्री निवांत झोप.

आता बातम्या. 14 जून 2022 ला बीटीएसच्या सात जणांनी जेवणाच्या टेबलावर बसून एक लांबलचक व्हिडिओ केला, त्यात आता थोडे दिवस आपापलं काम करू असं बोलले, रडले पण. तासाभरात जगभर 'ग्रुप फुटला' सुरू झालं, दुसऱ्या दिवशी त्यांच्या कंपनीच्या शेअरची जवळजवळ चौथा हिस्सा किंमत गेली, मग कंपनीला सांगायला लागलं की ग्रुप आहे तसा आहे. पुढं सगळ्यांनी तिथली सक्तीची लष्करी किंवा तिच्याऐवजीची सेवा पूर्ण केली, जून 2025 मध्ये सातही जण मोकळे झाले, ग्रुप आहेच. ज्यांनी तो व्हिडिओ पूर्ण बघितला होता त्यांना त्याच दिवशी कळलं होतं की हे भांडण नाही, दमलेली पोरं आहेत. म्हणून मी म्हणते मूळ जागी जा. कोरियन ग्रुप असेल तर त्यांची वीव्हर्स ह्या फॅन लोकांच्या ॲपवरची नोटीस, बाकीच्यांचं स्वतःचं अकाउंट, लेबलचं म्हणजे रेकॉर्ड कंपनीचं अकाउंट, यूट्यूबवरचं अधिकृत चॅनल. तिथं नाही म्हणजे सध्या तरी ती बातमी नाही. अल्बमचं पोस्टर फिरत असेल तर तारीख कॅलेंडरवर टाकून बघ, मोठ्या लेबलचा अल्बम बुधवारी येणार म्हणत असेल तर शंका घ्यायचीच. आणि प्री-सेव्हची, म्हणजे यायच्या आधीच गाणं आपल्या यादीत टाकून ठेवायची, लिंक फक्त तुझ्या गाण्याच्या ॲपमध्ये लॉगिन मागते, ओटीपी किंवा यूपीआय पिन मागायला लागली की ताबडतोब बंद कर.

'लीक झालेलं गाणं' म्हणून येतं त्याचं तर विचारूच नकोस. एप्रिल 2023 मध्ये ड्रेक आणि द वीकेंड ह्या दोन गायकांच्या आवाजात एआयनं बनवलेलं गाणं आलं, त्या दोघांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, तरी ते काढून टाकेपर्यंत लाखो लोकांनी ऐकलं. नुसत्या आवाजावर आता भरवसा ठेवता येत नाही.

हां, कधीकधी मात्र कुणालाच माहीत नसतं. अमेरिकन गायिका बियॉन्सेनं 13 डिसेंबर 2013 ला काहीही न सांगता 14 गाणी आणि 17 व्हिडिओंचा अख्खा अल्बम टाकला होता. टेलर स्विफ्ट ह्या गायिकेनं 2024 चा अल्बम ग्रॅमी पुरस्कारांच्या स्टेजवरून जाहीर केला, 19 एप्रिलला तो आला, लोक ऐकतायत तोवर दोन तासांनी आणखी 15 गाणी टाकली, त्यांची आधी घोषणाच नव्हती. अशा वेळी अफवांची पानं पण आपल्याएवढीच चकित असतात, ती दिवसभर रिफ्रेश करून आपल्याला काही आधी कळत नाही.

मुलगी अकरावीला आहे. नवीन गाणं आलं की माझा, आईचा आणि स्वतःचा फोन घेऊन रात्रभर तेच गाणं आवाज बंद करून चालू ठेवते. म्हणते नंबर वन आणायचंय. हे काय खूळ आहे? रागवावं का? (तासगाव)

दादा, रागवू नका. तिला ज्या गोष्टीबद्दल प्रेम आहे त्यासाठी ती आपल्या परीनं कष्ट करतेय, आणि एका गावातल्या पोरीला वाटतं की मी इथून बसून तिकडच्या यादीत काहीतरी हलवू शकते, ही भावना मला तरी मोलाची वाटते. फक्त तिला खरा हिशोब कुणी सांगितलेला नाही, तो तुम्ही सांगा.

अमेरिकेचा हॉट हंड्रेड चार्ट फक्त अमेरिकेतलं ऐकणं मोजतो. तासगावात तीन फोन रात्रभर तापले तरी तिथं शून्य. तिचं ऐकणं मोजलं जातं ते हाच चार्ट काढणाऱ्या बिलबोर्डच्या ग्लोबल 200 मध्ये, तो सप्टेंबर 2020 पासून आहे आणि त्यात दोनशेवर देश-प्रदेशांतलं ऐकणं धरतात. आपल्याकडं इंडियन म्युझिक इंडस्ट्री ह्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची परदेशी गाण्यांची आठवड्याची टॉप ट्वेंटी यादी पण 2021 पासून निघते, तिथं भारतातलाच श्रोता मोजला जातो. आणि पैसे भरलेल्या अकाउंटचं ऐकणं फुकटच्यापेक्षा जास्त वजनाचं धरतात. स्पॉटिफायवर 30 सेकंद गाणं वाजलं की एक स्ट्रीम, म्हणजे एकदा ऐकलं असं, धरतात, पण माणूस ऐकत नसताना नुसतं फिरवत ठेवलेलं आहे असं कंपन्यांच्या लक्षात आलं की ते मोजणीतून काढून टाकतात. म्हणजे आवाज बंद करून रात्रभर चालवलेल्या त्या तीन फोनांतलं किती पोचतं ते देवालाच माहीत, तिची झोप मात्र नक्की जाते आणि तुमच्या फोनची बॅटरी पण.

तिला म्हणा, एका फोनवर, आवाज चालू ठेवून, दिवसा, पाहिजे तेवढ्या वेळा ऐक. आणि एकदा तुम्ही तिच्या शेजारी बसा, ते गाणं अख्खं ऐका, त्यात काय म्हणतायत ते तिला विचारा. ती सांगेल बघा, तासभर सांगेल.

के-पॉप अल्बम मागवायचाय. एक ताई इन्स्टावर ग्रुप ऑर्डर घेतात, आगाऊ पैसे मागतात. द्यावेत का? मला एकाच मेंबरचं फोटोकार्ड पाहिजे. (विटा)

कोरियन अल्बम म्हणजे जाड पुठ्ठ्याचा डबा, आत फोटोबुक, पोस्टर, स्टिकर, एक सीडी आणि पत्त्याच्या आकाराचं ते फोटोकार्ड. फोटोकार्ड कुठल्या मेंबरचं निघेल ते पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही, आणि हे मुद्दाम तसं ठेवलंय, पाहिजे तो निघेपर्यंत लोक चार-पाच डबे घेतात, शिवाय त्याच अल्बमच्या दोन-तीन आवृत्त्या वेगवेगळ्या कव्हरनं निघतात. सात जणांच्या ग्रुपमध्ये एका डब्यात तुला पाहिजे तोच निघायची शक्यता साताला एक. तेव्हा एकच कार्ड पाहिजे असेल तर अल्बमच्या मागं लागू नकोस, ज्याला नको असलेला मेंबर निघालाय त्याच्याकडून नुसतं कार्ड घे. ते खूप स्वस्त पडतं आणि फॅन लोकांत अशी अदलाबदल रोज चालते.

ग्रुप ऑर्डर ही पद्धत मुळात चांगली आहे, कोरियाहून एकट्यानं मागवलं तर शिपिंग आणि कस्टम मिळून अल्बमच्या किमतीपेक्षा जास्त जातात, वीस जणांनी मिळून मागवलं की ते वाटलं जातं. पण आगाऊ पैसे घेऊन अकाउंट गायब झाल्याच्या तक्रारी पण तेवढ्याच ऐकते मी. आधीच्या ऑर्डरीतल्या दोघा-तिघांशी स्वतः बोल, स्क्रीनशॉटवर जाऊ नकोस, स्क्रीनशॉट कुणीही बनवतं. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ त्या पाठवतात का, कस्टमचे पैसे नंतर वेगळे मागणार का, हे आधी लिहून घे. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, सायबर फसवणुकीच्या 1930 ह्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. जेवढा लवकर फोन तेवढी पैसे अडकवून ठेवायची शक्यता जास्त.

वय 68. आमच्याकडं एलपी होत्या. नातू सारखं अल्बम अल्बम करतो पण गाणी तर एकेक सुटी येतात. मग अल्बम म्हणजे राहिलं काय? (मिरज)

काका, तुमच्या मिरजेतच ह्याची गोष्ट आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये गेले, त्यांचं जे गाणं आज आपण ऐकतो ते 78 आरपीएमच्या तबकडीवरचं, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. ज्या माणसाची मैफल तासंतास चालायची त्यानं सगळं तेवढ्यात बसवलं. म्हणजे सुटं गाणं हीच जुनी पद्धत, लाँग प्ले, म्हणजे तुमची एलपी, 1948 मध्ये अमेरिकेत आली आणि मग एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाल्यावर कुठलं गाणं कशानंतर ठेवायचं ह्याचा विचार सुरू झाला. अल्बम म्हणजे तो क्रम. बाजू उलटताना जी शांतता असायची ती तुम्हाला आठवत असेल, पुढचं गाणं त्या शांततेचा विचार करून निवडलेलं असायचं.

तो क्रम अजून आहे, फक्त फोनवर तो मोडणं फार सोपं झालंय. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये गायिका अडेलनं स्पॉटिफायला सांगितलं की अल्बमच्या पानावर गाणी उलटसुलट वाजवणारं बटण पहिल्यांदा नको, आम्ही क्रम विचार करून लावतो, आणि त्यांनी ते खरंच बदललं. नातवाला सांगा की शफल बंद कर आणि पहिल्यापासून लाव, आणि बरोबर बसून ऐका. त्याच्या नव्या अल्बमात दुसरं-तिसरं गाणं एकदम जोरात का असतं आणि शेवटचं हळू का असतं ते तुमच्या कानाला त्याच्या आधी कळेल. मग तुमची एखादी एलपी त्याला त्याच पद्धतीनं ऐकवा.

आपल्याकडं सांगली-कोल्हापूरला मोठा बाहेरचा कॉन्सर्ट कधी होणार? आणि मुंबईला जायचं तर तिकीट कसं मिळवायचं? (पलूस)

इकडं जवळपास होईल असं सध्या मला दिसत नाही, मुंबईच धरून चाला. कोल्डप्ले ह्या इंग्लिश बँडचे जानेवारी 2025 चे 18, 19 आणि 21 तारखेचे शो नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले, लोलापलूझा हा संगीत महोत्सव 2023 पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर होतो. तिकीट सुटतं त्या दिवशी आधीच लॉगिन करून, पत्ता-कार्ड भरून बसायचं, आणि रांगेतलं पान रिफ्रेश करायचं नाही. नाही मिळालं तर कोल्डप्लेच्या वेळी झालं तसं दुप्पट-दहापट किमतीला विकणारे उगवतात, त्यांच्याकडं जाऊ नका, एकच क्यूआर कोड चार जणांना विकलेला असतो आणि गेटवर पहिला पोचेल तोच आत जातो. कोल्डप्लेचा अहमदाबादचा 26 जानेवारीचा शो हॉटस्टारवर लाइव्ह दाखवला होता, पुढच्या मोठ्या शोला तसं काही आहे का तेही बघून ठेवा.

तिकीट मिळालंच तर जाताना महालक्ष्मी एक्सप्रेसनं जा, सकाळी मुंबईत पोचता. येताना मात्र त्या गाडीचा उपयोग नाही, कॉन्सर्ट संपायच्या आधीच ती सीएसएमटीहून सुटलेली असते. नेरूळला शो असेल तर वाशी-नेरूळच्या हायवेवरून सांगलीकडं येणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्स मिळतात, त्यातली सगळ्यात उशिराची आधीच बुक करून ठेवा, कारण स्टेडियममधून बाहेर पडून हायवेला यायलाच तासभर जातो. पॉवर बँक चालते का, बॅग केवढी चालते हे तिकिटाच्या मेलमध्ये लिहिलेलं असतं, ते घरूनच वाचून निघा.