फाइल वाचली, अक्षरं गेली

प्रश्न : माझं लग्नपत्रिका आणि शाळांच्या अहवालांचं डीटीपीचं काम आहे. 2018 च्या अखेरीस ओळखीच्या मुलाकडून कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, 240 जीबीची एसएसडी आणि आधीच्या मशीनमधली 1 टीबीची हार्ड डिस्क. आता विंडोज 10 वरून 11 वर जायचं आहे, पण तपासणीत ‘टीपीएम सापडत नाही’ असं येतं (टीपीएम म्हणजे विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची सोय). तो मुलगा आता गावात नाही. सगळं काम मी डी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवलं आहे. एवढा बॅकअप पुरेल ना?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : नाही पुरणार. तुमचा डी नेमका कुठे आहे, ते आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा. तो एसएसडीचाच दुसरा भाग असेल, तर तुम्ही एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सामान हलवलंय, कपाट तेच आहे. डी त्या 1 टीबीच्या डिस्कवर असला तरी ती डिस्क आधीच्या मशीनमधली, म्हणजे तिचं वय झालेलं. शिवाय दोन्ही डिस्कना वीज एकाच एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून मिळते. वीज जाऊन जोरात परत आली तर दोन्ही एकदम जाऊ शकतात. बाहेरची एक्सटर्नल हार्ड डिस्क घ्याच, आणि कॉपी झाली की ती काढून कपाटात ठेवा, मशीनला लावून ठेवू नका.

पण मला काळजी आहे ती तुमच्या फॉन्टची. माझ्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्या मी 2006 मध्ये टाइप केल्या होत्या, त्या वेळच्या युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये. पुढे मशीन फॉरमॅट करताना फाइल नीट जपून ठेवली. नंतर उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. फाइल होती, फॉन्ट नव्हता. मावशी तोवर गेली होती, पुन्हा विचारणार कुणाला? गावातल्या एका छापखान्यात तोच फॉन्ट असलेली जुनी सीडी निघाली, म्हणून त्या ओव्या आज माझ्याकडे आहेत. तेव्हापासून बॅकअप म्हणजे फक्त फाइल, असं मी मानत नाही. ती वाचायला जे जे लागतं, ते सगळं त्यात आलं पाहिजे.

म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तुमचे मराठी फॉन्ट कॉपी करा. काही फॉन्ट फक्त तुमच्या युजरपुरते टाकलेले असतात. ते लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये सापडतात, तिथेही बघा. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या टेम्प्लेट, कीबोर्डच्या मांडणीच्या फाइल, मूळ सीडी आणि सीरियल नंबर एकत्र ठेवा. मराठी सॉफ्टवेअर डाँगलवर (मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालत असेल, तर त्या डाँगलचा विंडोज 11 साठी ड्रायव्हर मिळतो का, हे विक्रेत्याला आधीच विचारा. आणि महत्त्वाच्या प्रत्येक कामाची फॉन्ट आतच बसवलेली (एम्बेड केलेली) पीडीएफ करून ठेवा. फॉन्ट गेला तरी मजकूर डोळ्यांनी वाचता येईल.

यानंतर अख्ख्या एसएसडीची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत घ्या. त्यासाठीचं क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि पेनड्राइव्हवरून चालतं. असेंबल मशीनला कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन नसतं, त्यामुळे परतीची वाट आपणच करून ठेवायची. काही बिघडलं, तर इमेजमधून कोरल, फॉन्ट, सेटिंग सगळं होतं तसं परत बसतं. मदरबोर्डचं नाव बघून त्या कंपनीच्या साइटवरून निदान लॅनचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. नवीन विंडोजला नेट मिळालं नाही, तर बाकीचे ड्रायव्हर आणणार कुठून?

टीपीएमचं फार मनावर घेऊ नका. तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे विंडोज 11 ला चालणारा. इंटेलच्या बोर्डांवर हे बहुतेकदा बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ‘पीटीटी’ या नावाने बंद असतं, ते चालू करायचं. त्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, ती नसेल तर डिस्क उघडणार नाही. एसएसडीवरचे भाग जुन्या एमबीआर पद्धतीने नोंदलेले निघाले, तर ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागेल. विंडोजमध्येच त्याचं साधन आहे आणि डेटा न पुसता काम होतं, पण इमेज हातात असल्याशिवाय त्याला हात लावू नका.

आता ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो ते काम. एक्सटर्नल डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा, तिथे तुमचे फॉन्ट टाका आणि वेगवेगळ्या वर्षांच्या पाच-सहा फाइल उघडा. जोडाक्षरं, रफार, ‘श्री’ बरोबर दिसतात का, तेही बघा. ते दिसेपर्यंत बॅकअप झाला असं मी म्हणणार नाही.

अपग्रेडच्या दिवशी मशीन बंद करून, प्लग काढून, 1 टीबीच्या डिस्कची केबल सोडवून ठेवा. चुकून तीच फॉरमॅट केल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. फॉरमॅट न करता आहे त्यावरच अपग्रेड केलंत, तर सेटिंगमधून 10 दिवसांच्या आत विंडोज 10 वर परत जाता येतं. त्या 10 दिवसांत रोजची सगळी कामं करून बघा, प्रिंटरसकट.

आणि ऐन लग्नसराईत हे काढू नका. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, पण मुदतवाढीची नोंदणी केली तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. पितृपंधरवड्यात पत्रिकांचं काम जवळजवळ थांबलेलं असतं. तेव्हाचे सलग दोन दिवस यासाठी राखून ठेवा, डिस्क मात्र आजच आणा.