वर एअरस्पेस, खाली वस्ती, मधे आपलं छोटं विमान

प्रश्न : मी सिंगल इंजिन विमानावर ट्रेनिंग घेतोय. धावपट्टीपुढे वस्ती आहे, तिला आवाजाचा त्रास नको म्हणून टेकऑफनंतर ५०० फुटांवर वळायचं आणि पॉवर कमी करायची, असा आमच्याकडे नियम आहे. १,५०० फुटांच्या वर मोठ्या विमानतळाची एअरस्पेस, म्हणजे परवानगीशिवाय वर जाता येत नाही. इंजिन बंद पडलं तर? की मी उगाच घाबरतोय?

उत्तर : उगाच नाही हो. सेसना १७२ सारखं विमान इंजिन गेल्यावर १,००० फुटांवरून, वारा नसेल तर, साधारण दीड नॉटिकल मैल म्हणजे पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं, ५०० वरून त्याच्या निम्मं, आणि वळत असाल तर त्याहून कमी. परत धावपट्टीकडे वळू म्हणाल तर १८० अंश पुरत नाहीत, कारण वळून होईपर्यंत तुम्ही धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला गेलेले असता, मग अजून वळा, आणि घाईत माणूस विमान जास्त कलवतो. ४५ अंश कलवून उंची धरायला गेलात की स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो वेग, १९ टक्के वाढतो, ६० अंशांना ४१ टक्के. म्हणून तेवढ्या कमी उंचीवर समोर जे मोकळं दिसेल तिकडेच.

५०० फुटांवरचं वळण मला तितकं खटकत नाही, हळूच कलवा, स्पीड सांभाळा. इकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनासुद्धा आवाजासाठी ५०० च्या खाली वळायला लावू नका असंच सांगते. मला खटकते ती पॉवर. बऱ्याच कार्ब्युरेटर इंजिनांत फुल थ्रॉटलला जास्तीचं इंधन जातं ते इंजिन थंड ठेवायला, तुम्ही थ्रॉटल थोडा मागे घेतला की ते बंद, वर क्लाइंबही मंदावतो आणि वस्तीवर रेंगाळता ते वेगळंच. मॅन्युअल काय म्हणतं ते बघा आणि इन्स्ट्रक्टरला सरळ विचारा की १,००० फुटांपर्यंत फुल पॉवर का नको.

एअरस्पेसचं म्हणाल तर परवानगी मागा, रेडिओ त्यासाठीच असतो. आपण अडचण नको म्हणून खालूनच जातो. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरवर एक सिरस विमान अशाच चिंचोळ्या, परवानगी लागत नाही अशा पट्टीत यू टर्न घेताना इमारतीवर आदळलं, जागा मुळात कमी, त्यात पूर्वेचा वारा त्याला इमारतींकडे ढकलत होता. आणि खरी इमर्जन्सी आली तर नियम मोडायचा अधिकार पायलटला आहे, तेव्हा आवाजाचा विचारही करायचा नाही.

प्रश्न : आम्ही त्या वस्तीतलेच. काही दिवस एकही विमान नाही आणि काही दिवस सगळी आमच्याच डोक्यावरून, असं का?

उत्तर : वारा. विमान वाऱ्याला तोंड करून उडतं, म्हणून वारा फिरला की उडायची दिशाही फिरते. मागून ५ नॉट्सच्या (ताशी नॉटिकल मैल) वर किंवा बाजूने १५ च्या वर वारा असेल तर आवाजासाठी धावपट्टी ठरवू नये असा संकेतच आहे. बाकी आवाज बराचसा प्रॉपेलरच्या टोकांचा असतो, म्हणून ज्यांना आरपीएम (प्रॉपेलरचे मिनिटाला फेरे) वेगळा कमी करता येतो त्यांनी उंची मिळाल्यावर तो करावा, ही मागणी क्लबकडे जरूर करा. लवकर वळवा ही मात्र नको.