शोषणाचा टक्का कमी, तरी दगडाला ओल का चढते?

नेरूळच्या आपल्या रो-हाउसच्या जोत्याला दोन वर्षांपूर्वी वालुकाश्माच्या लाद्या बसवल्या, त्यांचे पाणीशोषण अवघे अडीच टक्के असल्याचा अहवाल विक्रेत्याने दाखवला, आणि तरीही पावसाळा सरल्यावर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत ओल व पांढरा लोणा दिसतो. आता त्यावर पारदर्शक चकाकीचा लेप मारावा का, असे आपण विचारले आहे. आपला प्रश्न वाचून मला ठाण्यात नौपाड्यातील माझ्या घराची भिंत आठवली, कारण तोच लेप मी मारला होता आणि सर्वांत मोठे नुकसान त्यानेच केले. मी भूशास्त्रज्ञ नाही. जे कळले ते त्या भिंतीपायी कळले, एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे. गळकी पन्हळ, फुटका नळ आणि जोत्यातील ओल अडवणारा थर आपण तपासले असतील, असे मी धरून चालतो.

तो अडीच टक्क्यांचा आकडा खोटा नसेल, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. आयएस 1124 या बांधकामाच्या दगडाच्या चाचणीच्या भारतीय मानकाप्रमाणे दगड 24 तास पाण्यात बुडवून त्याच्या वजनात किती वाढ झाली, ते मोजतात. त्यातून दगडात किती पाणी मावते हे कळते. ते किती वेगाने शिरते, किती उंच चढते आणि परत बाहेर कसे पडते, हे कळत नाही. शिवाय हा टक्का वजनाचा असतो. वालुकाश्म पाण्याच्या साधारण सव्वादोन ते अडीच पट जड असल्याने घनफळाच्या हिशेबात तो सहा टक्क्यांच्या आसपास जातो.

खरी गोष्ट छिद्रांच्या आकारात आणि ती एकमेकांना कशी जोडलेली आहेत यात आहे. पारसिकच्या डोंगरातील आपल्या काळ्या दगडात कधी कधी वायूच्या बुडबुड्यांची वाटाण्याएवढी पोकळी डोळ्यांना दिसते, पण त्या पोकळ्या बहुधा एकेकट्या असतात, काही खनिजांनी भरूनही गेलेल्या असतात, त्यामुळे दिसायला छिद्रांनी भरलेला तो दगड पाणी फारसे पीत नाही. वालुकाश्मात छिद्रे दिसत नाहीत, मात्र कणांमधील बारीक फटी सलग जोडलेल्या असतात आणि केशाकर्षणाला, म्हणजे बारीक फटीतून पाणी आपोआप वर ओढले जाण्याला, तेवढे पुरते. केशाकर्षणाचे गणित सोपे आहे: छिद्राची त्रिज्या 1 मिलिमीटर असेल तर पाणी दीड सेंटिमीटर चढते, 0.1 मिलिमीटर असेल तर 15 सेंटिमीटर, आणि 0.01 मिलिमीटर असेल तर सिद्धान्ताप्रमाणे दीड मीटर. प्रत्यक्षात वाटेतच बाष्पीभवन होते, म्हणून ओल आपल्या हातभर उंचीवर थांबलेली दिसते. बारीक छिद्र पाणी जोराने ओढते, पण त्यातील वाट अरुंद असल्याने ते सावकाश चढते आणि वाळतेही सावकाश. रुंद पोकळीला अरुंद मुख असेल, दौतीसारखे, तर पाणी आधी बारीक वाटांनी पुढे जाते आणि पोकळीत हवा अडकून राहते. 24 तासांच्या चाचणीत दगडाची पूर्ण सच्छिद्रता दिसत नाही ती यामुळेच.

मी दगड निवडताना एका प्रयोगशाळेत नमुना दिला होता. त्यांनी तो फोडून तुकडे बुडवले आणि एक आकडा लिहून दिला. पाणी खालून किती वेगाने चढते याची चाचणी करता येईल का, असे विचारल्यावर त्या चाचणीचा रकाना त्यांच्या अर्जात नाही, एवढेच उत्तर मिळाले. वाळू साचताना दगडात बनलेले थर आडवे होते की उभे, याचीही नोंद त्यांनी ठेवली नाही. वास्तविक थरांच्या दिशेने पाणी सहसा अधिक सहज धावते. तीन फेऱ्या आणि दोनदा भरलेले शुल्क यांचे मला आजही वाईट वाटते, कारण तीच माहिती घरी एका दुपारी मिळते. हातभर लांबीचा तुकडा वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, परातीत बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या पाण्यात उभा करा आणि 1, 4, 9 व 16 मिनिटांनी ओलाव्याच्या कडेवर पेन्सिलीने खूण करा. केशाकर्षणाने चढणारे पाणी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जाते, त्यामुळे खुणा जवळजवळ समान अंतरावर पडतात. थर उभे ठेवून एकदा आणि आडवे ठेवून एकदा पाहा. फरक डोळ्यांना दिसेल.

आता लेपाविषयी. भिंत पुरेशी ओली असते तेव्हा पाणी छिद्रांतून पृष्ठभागापर्यंत येऊन तिथे उडते आणि क्षार बाहेर साचतो. हाच आपला पांढरा लोणा, आणि तो कोरड्या ब्रशने झाडता येतो. पृष्ठभागावरची छिद्रे चकाकीच्या पापुद्र्याने बंद केली की पाणी मागून येतच राहते, पण क्षार दगडाच्या आत, पापुद्र्याच्या पाठीमागे स्फटिक बनवू लागतो. ते वाढताना छिद्रांच्या भिंतींवर दाब देतात. मी ऑक्टोबरात, भिंत वरून कोरडी वाटली म्हणून लेप मारला. पुढच्या पावसाळ्यानंतर दगडाचे नखाएवढ्या जाडीचे पोपडे सुटले, आणि त्या जागी आजही खडबडीत खड्डे आहेत. माझ्या मते जोत्याला कोणताही पापुद्रा करणारा लेप मारूच नये. छिद्रे न बुजवता त्यांच्या भिंती पाणी नाकारतील अशा केल्या, तर वाफ बाहेर पडते, हे खरे आहे. तथापि पाणी आणि क्षार मागूनच येत असतील तर तो उपायही मी धोक्याचाच समजतो. आपला दगड वेगळा असू शकतो, म्हणून आधी सुट्या तुकड्यावर करून पाहावे.

आपण खाडीलगतच्या भरावावर असाल तर क्षार जमिनीतूनही येत असतील. लोणा पाण्याने धुऊ नका, तो विरघळून पुन्हा आत जातो. आम्लाने तर नकोच. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड, म्हणजे क्षारविरहित) पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा दगडावर थापून पूर्ण वाळू द्या व मग सोलून काढा. दगडातले पाणी लगद्याकडे ओढले जाते आणि क्षारही त्यासोबत येतो. मला असे चार वेळा करावे लागले. सांधे कडक सिमेंटने भरले असतील तर ते चुन्याने पुन्हा भरून घ्या, म्हणजे ओलीला दगडाऐवजी सांध्यातून बाहेर पडता येईल. पेन्सिलीच्या खुणांची अंतरे आणि थरांची दिशा इथे लिहिलीत, तर पुढचे बोलता येईल.