कट्टर चाहते की दर्दी?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: मामांची साठी आहे. मामा नव्वदच्या दशकापासून अल्टरनेटिव्ह रॉक ऐकतात, बँडचे टी-शर्ट घालून भाजी आणायला जातात. पत्रिकेत ताईंनी ‘अल्टरनेटिव्ह रॉकचे कट्टर चाहते’ असं लिहिलं. आई म्हणाली, ‘दर्दी’ लिही. ते ऐकून गुजराती शेजारीण दचकली, “मामाने शुं थयुं?” तर योग्य शब्द कुठला?

शेजारणीचं काही चुकलं नाही. गुजरातीत दर्दी म्हणजे रुग्ण. बडोद्यातल्या कुठल्याही दवाखान्यात ‘दर्दीनां सगां’साठी सूचना लावलेल्या दिसतील. फारसी ‘दर्द’ दोन्ही भाषांत आला, पण गुजरातीच्या दर्दीला दुखणंच चिकटून राहिलं, आणि मराठीत गाणं ऐकून ज्याच्या आत काहीतरी हलतं तो दर्दी झाला.

आधी ‘कट्टर’ काढा. मराठीत कट्टर विरोधक असतो, कट्टर वैरी असतो, फार तर पक्षाचा कट्टर समर्थक. समोर कुणीतरी शत्रू असल्याशिवाय या विशेषणाला करमत नाही. चाहत्याला ‘निस्सीम’ शोभतं. ‘अट्टल’ मात्र चुकूनही नको, ते चोर आणि दारुडे यांच्यासाठी राखीव आहे. (मामींना विचारलंत तर त्या कदाचित तेच सुचवतील.)

आता चाहता आणि दर्दी. चाहता माणसाचा असतो: नटाचा, खेळाडूचा, बँडचा. त्याला गाण्यातलं कळलंच पाहिजे अशी अट नाही. दर्दी कलेचा असतो, आणि त्याला कळतं हे गृहीत असतं. शिवाय आपल्याकडे या शब्दाची जोडी ‘गर्दी’शी जमलेली आहे. मैफलीहून परतलेले लोक म्हणतात ना, “गर्दी नव्हती, पण दर्दी होते.”

या संगीताला हे वाक्य फारच लागू पडतं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ते वाढलं छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या रेकॉर्डांवर आणि कॉलेजांच्या रेडिओवर. जॉर्जियातल्या अथेन्स गावात १९८० साली जमलेला आर.ई.एम. हा बँड त्यातलाच. तेव्हा होते ते दर्दी. सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला, जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनला खाली सारून अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या अल्बम-यादीत पहिला नंबर घेतला, आणि गर्दी झाली. जुन्या मंडळींना ते रुचलं नाही. गर्दी ओसरल्यावरही मामा टिकून आहेत, म्हणून आईंचा शब्द मला जास्त पटतो. गायक मौलाबक्षांनी १८८६ साली जिथे गायनशाळा काढली आणि फैयाज खाँ जिथे दरबारगायक होते, त्या बडोद्यात दर्दी म्हटलं की ख्याल-ठुमरीच आठवते हे खरं. पण गिटारवाल्यांना हा शब्द वापरू नये असा कुठे नियम आहे?

बाकीचे पर्याय पटकन. ‘शौकीन’ला मराठीत पान-विड्याचा वास येतो. ‘कानसेन’ छान, पण थोडा थट्टेचा. ‘फॅन’चं मूळ लॅटिनमधल्या देवळाच्या शब्दात आहे, तेव्हा ‘भक्त’ अर्थाने जवळचा; पण हल्ली तो लिहिला की लोक आधी मतदारसंघ विचारतात.

‘अल्टरनेटिव्ह’चं ‘पर्यायी’ करू नका. पर्यायी रॉक म्हणजे मुख्य रस्ता खणल्यावर पोलिसांनी वळवलेली वाहतूक वाटते. पत्रिकेत ‘पॉप कल्चर’ आलंच तर तेही तसंच ठेवा. ‘लोकसंस्कृती’ लिहिलंत तर पाहुण्यांना भोंडला आणि गोंधळ आठवेल.

पत्रिकेत असं लिहिता येईल: “आमचे मामा, अल्टरनेटिव्ह रॉकचे जुने दर्दी आणि आर.ई.एम.चे निस्सीम चाहते.” बँडचं नाव मामांना विचारून घाला, ते चुकलं तर साठीच्या दिवशी अबोला ठरलेला. गुजराती पत्रिकेत दोन्हीकडे ‘चाहक’ लिहा, नाहीतर शेजारीपाजारी फळं घेऊन तब्येत विचारायला येतील.