पालवी फुटली, पण मुळांचे काय?

प्रश्न : जूनअखेरीस जास्वंद आणि बोगनवेलीच्या काड्या मुळे फुटण्याच्या पावडरीत भरपूर घोळवून गच्चीवरील कुंड्यांत लावल्या. जास्वंदीला पालवी फुटली आणि नंतर सुकली. बोगनवेलीच्या काड्या बुडाशी काळ्या पडून कुजल्या. पावडर निकृष्ट होती, की हंगाम चुकला?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जास्वंदीची पालवी काडीत साठलेल्या अन्नावर फुटली होती, तो साठा संपेपर्यंत मुळे धरली नाहीत, की पाने माना टाकतात. त्यामुळे पालवी दिसली म्हणजे कलम जगले, असे समजू नये.

अशा पावडरींत बहुधा आयबीए (इंडोल ब्युटिरिक आम्ल) हे मुळे फुटायला चालना देणारे संजीवक असते. कोवळ्या काडीसाठी सुमारे 0.1, अर्धवट जून (निबर) काडीसाठी 0.3 आणि पक्क्या जून काडीसाठी 0.8 टक्के तीव्रतेची पावडर वापरण्याची पद्धत आहे. मात्रा वाढवल्याने मुळे वाढत नाहीत, उलट बूड करपते आणि डोळे (काडीवरचे कोंब) फुटायचे थांबतात. म्हणून काडीचे बूड डोळ्याच्या लगेच खाली छाटून जेमतेम एक सेंटिमीटर पावडरीत टेकवावे, जादा पावडर झटकावी आणि आधी काठीने भोक पाडूनच काडी रोवावी, अन्यथा पावडर मातीला पुसली जाते.

जास्वंद, तगर, क्रोटन यांच्यासाठी आपला हंगाम योग्यच होता, कारण पावसाळी दमट हवेत पानांतून पाणी कमी उडते. फक्त अर्धवट जून काडी घेऊन वरची एक-दोन पानेच ठेवावीत आणि कुंडी सावलीत असावी. बोगनवेलीचा प्रश्न वेगळा आहे. तिची पेन्सिलीएवढी जाड, पंधरा ते वीस सेंटिमीटर लांबीची जून काडी पावसाळ्यातही मुळे धरते, परंतु सतत पावसाचा मारा झाला की आधी कुजते. गच्चीवर आडोसा नसेल, तर मी फेब्रुवारीचीच शिफारस करेन. तेव्हा कडक ऊन मात्र टाळावे लागेल.

काड्या लावण्यासाठी माध्यम म्हणून जाडसर वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घ्यावे. शेणखत या टप्प्यावर नको, कारण ताज्या छाटाला बुरशी लागण्याचा धोका वाढतो. मुळे आली का, हे पाहण्यासाठी काडी उपटू नये. काडी रोपांच्या पिशवीत लावली असेल, तर तिच्या भोकांतून मुळे डोकावू लागली, की पिशवी फाडून मातीचा गोळा न फोडता रोप हलवावे. बोगनवेलीची कोवळी मुळे फार नाजूक असतात, तिथे ही काळजी अधिकच घ्यावी.