योनावर सावली कुणाची, भोपळ्याची की एरंडाची?

एका वाचकाने विचारलं आहे: "लहानपणी संडे स्कूलमध्ये योनाच्या गोष्टीत भोपळ्याचा वेल ऐकला होता. आता घरात बायबलची नवी आवृत्ती आली आहे, तिच्या तळटिपेत 'एरंड' असं दिलं आहे. आईला ते अजिबात रुचलेलं नाही. मूळ शब्द कोणता? आणि याच शब्दावरून एकदा देवळात गोंधळ झाला होता, हे खरं का?"

गोंधळ झाला होता, हे खरं. पण आधी शब्द पाहू.

देवाने निनवे शहराचा नाश टाळला म्हणून रुसलेला योना हा संदेष्टा शहराबाहेर पूर्वेला मांडव घालून बसतो. देव त्याच्या डोक्यावर एक झाड उगवतो, दुसऱ्या दिवशी किडा ते पोखरतो आणि झाड वाळतं. या झाडाला हिब्रूत 'कीकायोन' म्हटलं आहे. योनाच्या चौथ्या अध्यायात हा शब्द पाच वेळा येतो आणि अख्ख्या हिब्रू बायबलात दुसरीकडे कुठेच येत नाही. त्यामुळे इतर वाक्यांशी ताडून अर्थ लावायची सोयच नाही. प्राचीन ग्रीक भाषांतरात त्याचा भोपळा झाला. जुनी लॅटिन भाषांतरं ग्रीकवरून केलेली, म्हणून तिथेही भोपळाच. 1611 च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलातही तोच आहे.

एरंडाचा माग दुसऱ्याच वाटेने लागतो. इजिप्तमध्ये दिव्यात जाळायच्या एका उग्र वासाच्या तेलाला 'किकी' म्हणतात, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात नोंदवलं आहे. ते एरंडेल. ज्यूंच्या मिश्ना या धर्मग्रंथात शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतिदिनाच्या, दिव्याला कोणती तेलं चालत नाहीत याची यादी आहे, तिच्यात 'कीक' तेल येतं. त्यावर तालमुदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या विवेचनग्रंथात, चर्चा होते, तेव्हा एक आचार्य सरळ म्हणतात की हे योनाच्या कीकायोनचं तेल. आजचे बहुतेक अभ्यासक एरंडाकडेच झुकतात.

आता गोंधळाची हकीकत. चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेममध्ये राहणाऱ्या जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने ग्रीकचा आधार सोडून थेट हिब्रूवरून लॅटिन भाषांतर करायला घेतलं. योनापाशी तो अडला. झाड त्याच्या ओळखीचं होतं. योनाच्या पुस्तकावरच्या भाष्यात त्याने त्याचं वर्णन केलं आहे: द्राक्षवेलीसारखी रुंद पानं, दाट सावली, वाळूच्या जमिनीत फोफावणारं, बी पडलं की थोड्या दिवसांत झुडूप होणारं आणि कशाचाही आधार न घेता स्वतःच्या खोडावर उभं राहणारं. शेताच्या बांधावर एरंड पाहिलेल्या कुणालाही हे वर्णन ओळखता येईल. पण जेरोमच्या मते लॅटिनमध्ये त्याला नाव नव्हतं. हिब्रू शब्द तसाच ठेवला तर कुणाला कळणार नाही, आणि भोपळा तर मुळात नाही. म्हणून त्याने आधीच्या काही ग्रीक भाषांतरकारांचं बोट धरून 'हेडेरा' लिहिलं. हेडेरा म्हणजे आयव्हीचा वेल.

हे भाषांतर ओएआ नावाच्या गावी, म्हणजे आजच्या लिबियातल्या त्रिपोलीत, उपासनेत वाचलं गेलं. पुढची हकीकत उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन याने 403 साली जेरोमलाच पत्रातून कळवली. पिढ्यानपिढ्या कानांत आणि स्मरणात रुजलेला शब्द बदललेला ऐकून मंडळीत गलका उठला, त्यातही ग्रीक लोक जास्त खवळले. ओएआच्या बिशपला गावातल्या ज्यूंना विचारायला जावं लागलं. हिब्रूतही जुन्या प्रतींसारखंच आहे, असं त्यांनी सांगितलं. मंडळी सोडून जातील या भीतीने बिशपने तो शब्द चूक समजून दुरुस्त केला. जेरोमने उत्तरात आपली बाजू पुन्हा मांडली, आणि भोपळ्याची बाजू घेणाऱ्यांना चार टोमणेही मारले.

मला ते टोमणे पटत नाहीत. त्या मंडळींनी भोपळा नुसता ऐकला नव्हता, पाहिलाही होता. तिसऱ्या-चौथ्या शतकांतल्या ख्रिस्ती थडग्यांवर आणि रोमच्या भुयारी दफनभूमींत वेलाखाली पहुडलेला योना वारंवार दिसतो, आणि वर भोपळे लोंबत असतात. इटलीतल्या अक्विलिया इथल्या देवळाच्या जमिनीवर चौथ्या शतकारंभीचं मोझेक आहे, तिथेही तसंच. ज्यांच्या आप्तांच्या थडग्यावर तो वेल कोरलेला, त्यांना एका सकाळी वेगळं नाव ऐकून धक्का बसला तर नवल नाही. मांडवावर वेल चढणं गोष्टीतही सहज बसतं. तुमच्या आईंचं न रुचणंही मला याच जातीचं वाटतं. तो हट्ट नव्हे, ती पाठ असलेल्या मजकुराची ओढ आहे.

तरीही मजकुरात काय छापावं असं विचाराल, तर मी एरंडाच्या बाजूने आहे. 1952 च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीने 'झाड' एवढाच मोघम शब्द मजकुरात ठेवून एरंड टिपेत दिला. त्यात धोका नाही, पण चवही नाही. मराठीला तसं करायची गरज नाही, कारण जेरोमला नसलेला शब्द आपल्या घरात आहे. 'ओसाड गावी एरंड बळी' ही म्हण ज्याने ऐकली आहे, त्याला उघड्या रानात एकाच झुडपाच्या जिवावर खूश झालेला माणूस लगेच दिसतो.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दहाव्या ओवीत देव योनाला म्हणतो, या झाडासाठी तू कष्ट केले नाहीस, ते तू वाढवलं नाहीस. पुढचे हिब्रू शब्द फार सुंदर आहेत: ते 'रात्रीचं लेकरू' म्हणून आलं आणि 'रात्रीचं लेकरू' म्हणून गेलं. भोपळ्याला आळं करावं लागतं, पाणी घालावं लागतं, वेल मांडवावर चढवावा लागतो. एरंडाला कुणी विचारत नाही. तो उकिरड्याकडेला आपला आपण उगवतो. अशा झाडासाठी योना मरण मागतो, आणि देव त्याच्यासमोर एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आणि गुरंढोरं ठेवतो. झाड जितकं क्षुल्लक, तितका तो प्रश्न जास्त बोचतो.

तळटीप मात्र हवीच, फक्त उलटी: मजकुरात एरंड आणि खाली 'प्राचीन ग्रीक भाषांतरात भोपळा'. म्हणजे आईंचा वेलही त्याच पानावर राहील. त्यांना अक्विलियाच्या त्या मोझेकचा फोटो नक्की दाखवा.